लसूण, हळद, लवंग यांनी जंतू खरंच मरतात, की हे नुसतं आजीबाईचं सांगणं?

मरतात. पण लसणाचं विचारत असाल तर आधी ठेचा.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी लसूणच घेतला होता. गाइड म्हणाले, अर्क निर्जंतुक करून घे, नाहीतर जंतू वाढवायची प्लेट वाया जाईल. मी आज्ञाधारक. अख्ख्या पाकळ्या पाण्यात घालून ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाच्या वाफेवर निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला लावल्या, 121 अंश, 15 मिनिटं. दुसऱ्या दिवशी बघते तर झोन (जंतू न उगवलेलं वर्तुळ) शून्य, स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस हा जंतू) अगदी वेलच्या, म्हणजे अर्क भरायच्या भोकाच्या, काठापर्यंत दाट उगवलेला. सर सगळ्या बॅचसमोर म्हणाले, "बटवा रिकामा निघाला की गं!"

घरी आजी म्हणाली, "अगं, शिजवलास? ठेचल्याशिवाय लसणाला वास तरी येतो का?"

मुद्दा तोच. अख्ख्या पाकळीत जंतू मारणारं ॲलिसिन नसतंच. त्याचा कच्चा माल ॲलिइन एकीकडे, ॲलिनेझ हे एन्झाइम दुसरीकडे; ठेचलं की दोघांची गाठ पडते आणि ॲलिसिन तयार होतं. ते जंतूच्या एन्झाइममधल्या गंधकाच्या गटांना धरतं, एन्झाइम ठप्प. मी ॲलिनेझच शिजवून टाकलं होतं! ॲलिसिन अमेरिकेत कॅवॅलिटो आणि बेली यांनी 1944 मध्येच वेगळं काढलंय, सरांच्या जन्माआधी. पुढे नोकरीला लागल्यावर कच्चा लसूण ठेचला, दहा मिनिटं ठेवला, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून प्लेट लावली. स्वच्छ झोन. फोटो सरांना पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल जंतूचं पेशीपटल सैल करतात, आतलं बाहेर गळतं. दारुहळदीतलं (ही आपली हळद नव्हे, झुडूप आहे) जंतू मारणारं बर्बेरिन स्टॅफ पेशीतल्या पंपाने बाहेर फेकतो. पण त्याच कुळातल्या झुडपांत तो पंप अडवणारं दुसरं द्रव्य सापडलंय, जे एकटं जंतूचं काहीच वाकडं करत नाही. एका प्लेटवरून निकाल देणाऱ्या सरांनी हे तरी वाचावं.

हळदीचं राहिलंच. तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, रक्तात फारच थोडं पोचतं. हळदीचं दूध घशाला बरं वाटतं, तेवढंच.

आणि हो, प्लेटवर मरणं वेगळं, अंगात मरणं वेगळं. न्यूमोनियाला लसूण चघळत बसू नका, डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक घ्या. कच्चा लसूण कातडीवर बांधलात तर भाजल्यासारखे फोड येतात. आणि प्रोजेक्टवालं कुणी वाचत असेल, तर गाइड काही म्हणोत, लसूण ऑटोक्लेव्ह करू नका. गाळा.