गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, कोणता गॉगल घ्यावा?

पाऊस सरून खाड्यांचं पाणी निवळू लागलं की गळ, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आणि रिळाच्या प्रश्नांबरोबर गॉगलबद्दलही पत्रं येऊ लागतात. या वेळी सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या कातळावरून गरवतो. पोलराइज्ड गॉगल घेतला. दुकानदाराने दाखवलेल्या कार्डावरचं लपलेलं चित्र त्यातून दिसलं, म्हणजे माल खरा असावा. पण पायाजवळचा तळ लख्ख दिसतो आणि लांब, जिथे गरी पडते, तिथे पाणी पूर्वीसारखंच चांदीसारखं चमकतं. फसलो का?

फसला नाहीत. गॉगल ठीक आहे, अडचण कोनाची आहे.

पाण्यावरून परतणाऱ्या उजेडाची कंपनं बरीचशी आडवी असतात. पोलराइज्ड काच हा आडवा उजेड अडवते आणि उभा आत सोडते, एवढंच तिचं काम. पण हा उजेड सगळीकडून सारखाच आडवा होऊन येत नाही. नजर पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करते, तिथून येणारी चकाकी पूर्ण आडवी असते. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१५ मध्ये या कोनाचा नियम मांडला. आपल्याला त्याचा उपयोग असा : डोळे पाण्यापासून जेवढे उंच, त्याला चाराने गुणा आणि तिनाने भागा. तेवढ्या अंतरावर गॉगल सर्वांत चांगला चालतो.

पाण्याच्या काठावर उभे असाल तर डोळे पाच फुटांवर, म्हणजे ही जागा जेमतेम साडेसहा-सात फुटांवर येते. दहा फूट उंच कातळावर चढलात की डोळे पंधरा फुटांवर जातात आणि तीच जागा वीस फुटांवर सरकते. तिच्या अलीकडे-पलीकडेही बराच पट्टा स्वच्छ दिसतो. मात्र त्याच कातळावरून ऐंशी-नव्वद फूट लांब पाहिलंत तर नजर पाण्याशी दहाच अंश करते. तिथे आडवा उजेड सगळा अडवला तरी उभा इतका परततो की पाणी आरशासारखंच राहतं. त्यावर कितीही महाग गॉगल चालणार नाही, उंच जागाच चालेल. पायाखाली सरळ पाहिलं तर पाणी मुळात दोनेक टक्केच उजेड परतवतं, म्हणून तिथला तळ गॉगलशिवायही दिसतो.

तेव्हा लांबचा मासा शोधत बसू नका. कृत्रिम आमिष ओढत आणताना शेवटच्या पंचवीस-तीस फुटांत नीट पाहा. तांबोशी किंवा जिताडा मागे येऊन ऐन वेळी वळतो, तो तिथेच दिसतो. सूर्य पाठीमागे किंवा खांद्याच्या बाजूला ठेवा, पण आपली सावली त्या पट्ट्यावर पडू देऊ नका.

मानेकडेही लक्ष असू द्या. डोकं एका खांद्याकडे ३० अंश कललं तर अडवायच्या उजेडाचा चौथा हिस्सा आत येतो, ४५ अंशांना निम्मा. गॉगल नाकावर तिरका बसत असेल तरी हेच होतं. याला एक अपवाद आहे. निरभ्र आकाशाचा उजेड स्वतःच थोडा पोलराइज्ड असतो, त्यामुळे पाण्यावरची त्याची चकाकी कधी कधी नेमकी आडवी नसते. अशा वेळी मान दोन्ही बाजूंना दहा-दहा अंश कलवून बघा. एखाद्या बाजूला तळ अचानक उघडतो.

आणि दिसलेला मासा दिसतो त्यापेक्षा खोल असतो. वरून सरळ पाहिलं तर चार फुटांवरचा तीन फुटांवर भासतो, तिरकं पाहिलं तर आणखी वर. गॉगलने हा भास जात नाही. आमिष डोळ्यांना पटेल त्यापेक्षा थोडं जास्त खाली जाऊ द्या.

प्रश्न : भोरकडच्या धरणावर मरळीसाठी जातो. काळी काच घ्यावी, तपकिरी की ती निळ्या आरशाची? दुकानात प्रत्येक जण वेगळं सांगतो.

तपकिरी, त्यातही तांब्याकडे झुकणारी.

राखाडी काच सगळे रंग सारखेच मंद करते. होडीतून खोल समुद्रात, भर दुपारी, निळ्या पाण्यावर ती डोळ्यांना बरी वाटते. धरणाचं पाणी हिरवट किंवा चहासारखं असतं, त्यात शेवाळ, बुडालेली खोडं आणि माशाची काळपट पाठ एकमेकांत मिसळून जातात. तांबूस काच निळा उजेड जास्त खाते, त्यामुळे या गोष्टींच्या कडा सुटून दिसतात. पिवळी काच पहाटे आणि ढगाळ दिवसांपुरती, दहानंतर ती डोळ्यांना पुरणार नाही. निळा किंवा हिरवा आरसा हा वरचा लेप असतो. तो आणखी थोडा उजेड परतवतो, पण कामाचा रंग आतल्या काचेचा. गॉगल उलटा धरून आतून बघा, मग कळेल काय विकत घेताय. आतून राखाडी आणि बाहेरून निळा असलेला गॉगल धरणावर नेण्यात अर्थ नाही.

रंगाइतकाच काळेपणा महत्त्वाचा. चांगल्या गॉगलच्या काडीवर आतल्या बाजूला किंवा सोबतच्या कागदावर ० ते ४ असा वर्ग छापलेला असतो. वर्ग २ ची काच १८ ते ४३ टक्के उजेड आत सोडते, वर्ग ३ ची ८ ते १८ टक्के, वर्ग ४ ची ३ ते ८ टक्के. दिवसभरासाठी ३ घ्या. तुमचं गरवणं सकाळ-संध्याकाळचंच असेल तर २. वर्ग ४ लावून गाडी चालवायची नसते, आणि धरणावरून परतताना हातात गाडी असतेच.

मरळ श्वास घ्यायला वर येते, तेव्हा ती गॉगलशिवायही कळते. गॉगलचा फायदा आणखी एका ठिकाणी होतो. पाण्याच्या वरच्या थरात लालसर पिल्लांचा वळवळता पुंजका दिसला तर त्याच्याखाली मोठी जोडी राखणीला असते. ती लगेच झेप घेते, पण तिला धरलं तर पिल्लं इतर माशांच्या पोटात जातात. तिथून गळ काढून घ्यावा, असं आमचं मत.

गढूळ पाण्यापुढे मात्र कुठलाही रंग चालत नाही. गॉगल पृष्ठभागावरची चकाकी काढतो, पाण्यातला गाळ नाही.

प्रश्न : अलिबागच्या रस्त्यावर पाचशे रुपयांत ‘पोलराइज्ड’ मिळतो, दुकानात तोच म्हणे पाच हजारांना. फरक काय, आणि खरा कसा ओळखावा?

खरा ओळखणं सोपं आहे. पोलराइज्ड असल्याची खात्री असलेला दुसरा गॉगल घ्या, दोघांच्या काचा एकापुढे एक धरा आणि एक काच हळूहळू फिरवा. पाव फेरीत दोन्हींतून पलीकडचं काळं होत गेलं तर दोन्ही खरे. दुसरा गॉगल नसेल तर लॅपटॉपच्या पडद्यासमोर फिरवा, कुठल्या तरी कोनात पडदा काळा पडेल. मोबाइलवर भरवसा ठेवू नका, काही मोबाइलचे पडदे काळे न पडता फक्त रंग बदलतात.

मग दुसरी तपासणी, जी फारसं कुणी करत नाही. गॉगल हातात धरून पडद्यासमोर फिरवताना दोन्ही काचा एकदमच काळ्या पडल्या पाहिजेत. एक आधी आणि एक नंतर पडत असेल तर एका काचेतली चकाकी अडवणारी फिल्म तिरकी बसली आहे. स्वस्त मालात हा दोष वारंवार सापडतो. तासाभरात डोकं जड होतं आणि दोष उन्हाला दिला जातो.

चकाकी अडवणं आणि अतिनील किरणं अडवणं ही वेगवेगळी कामं आहेत. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते. त्या काचेतून अतिनील किरणं जात असतील तर ती डोळ्यात जास्तच शिरतात. ‘यूव्ही ४००’ हा शिक्का त्यासाठी पाहायचा. शिक्का कुणीही मारू शकतो, म्हणून चष्म्याच्या दुकानातल्या अतिनील तपासणीच्या यंत्रावर काच धरून बघायला सांगा.

स्वस्त गॉगलची काच बहुधा टीएसीची, म्हणजे पातळ थर चिकटवलेली असते. हलकी असते, दिसतंही बरं, पण चरे लवकर पडतात. खऱ्या काचेतून सर्वांत स्वच्छ दिसतं, तरी ती गरवायला नको. शिसं कातळात अडकलं, तुम्ही ताणलं आणि तंगूस सुटलं की ते शिसं गलोलीतून सुटल्यासारखं तोंडाकडे येतं. इथे पॉलिकार्बोनेट हे चिवट प्लास्टिकच हवं. चरे त्यावरही पडतात, पण ते सहजी फुटत नाही. पाच हजारांतला मोठा हिस्सा नावाचा असतो. दोन्ही तपासण्या आणि यंत्रावरची परीक्षा पार करणारा, गालाला आणि कपाळाला भिडणारा पॉलिकार्बोनेटचा गॉगल त्याहून बऱ्याच कमी पैशांत मिळतो. बाजूने बोटभर फट राहिली तर तिथून आलेला उजेड काचेच्या आतल्या अंगावर पडून तुमचाच डोळा तुम्हाला दाखवतो. वर टोपी घाला, तिच्या झडपेची खालची बाजू गडद असलेली बरी.

प्रश्न : वय ५४, दूरचा आणि जवळचा दोन्ही नंबर. ठाण्याच्या खाडीवर जातो. चष्म्यावर काय लावू?

आधी चष्म्यावरून घालायचा मोठा गॉगल घेऊन बघा. बाजू झाकतो आणि खर्च कमी. चिमट्याने अडकवायची काच हलकी असते, पण मधल्या फटीत पाण्याचे तुषार बसतात आणि मागून उजेड येतो.

नंबरचीच पोलराइज्ड काच करून घ्यायची असेल तर फार वळणदार फ्रेम टाळा. नंबर मोठा असला तर वळणदार काचेत कडेला दिसणारं वाकडं होतं. त्यापेक्षा सपाट फ्रेम आणि बाजूला पडदे. जवळचा नंबर लागतो तो गरीला गाठ मारायला, पण तो नेहमीच्या जागी बसवून घेऊ नका. ओल्या दगडांवर उतरताना नजर खालच्या भागातूनच जाते आणि पाय ठेवायची जागा धूसर दिसते. हा भाग लहान आणि अगदी खाली ठेवायला सांगा, किंवा गॉगल फक्त दूरच्या नंबरचा करून वाचायचा चष्मा गळ्यात अडकवा. आम्ही दुसरा पर्याय निवडू.

प्रश्न : मालवणहून विचारतो. सहा महिन्यांत काचेच्या कडेला बुडबुडे आणि इंद्रधनुष्यासारखे पट्टे आले. दुरुस्त होईल?

नाही, काचाच बदलाव्या लागतील. दोन थरांमधली फिल्म सुटू लागली आहे. कापलेल्या कडेतून खारं पाणी आत जातं आणि उष्णतेने गोंद ढिला पडतो. गाडीच्या काचेमागे, डॅशबोर्डवर ठेवलेले गॉगल असेच जातात.

पुढच्या वेळी घरी आल्यावर आधी गोड्या पाण्याच्या धारेखाली धरा. वाळलेल्या मिठाचे कण सँडपेपरसारखे असतात, कोरड्या बनियनने पुसलंत की चरे पडलेच. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटांनी फिरवा, पुन्हा धुवा, झटका आणि मग मऊ कापडाने टिपा. गरम पाणी नको. डासांच्या काही मलमांत डीट नावाचं रसायन असतं, ते प्लास्टिक खातं. मलम लावलेला हात काचेला आणि काडीला लागू देऊ नका. आणि तरंगणारी दोरी लावा, पॉलिकार्बोनेट बुडतं.

प्रश्न : होडीवरचा फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) गॉगल घातला की काळा दिसतो. गॉगल खराब आहे का?

नाही. पडद्याचा उजेडही पोलराइज्ड असतो. यंत्र थोडं फिरवून बसवा. आणि गाड्यांच्या मागच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी दिसू लागली तर घाबरू नका, ती कडक केलेल्या काचेतला ताण आहे.