मानेच्या मज्जारज्जूला इजा होऊन पाच महिने झाले आहेत. मूळपेशींचे (स्टेम सेलचे) इंजेक्शन घ्यावे की पुनर्वसन चालू ठेवावे?

तुमच्या धाकट्या भावाच्या मानेच्या मज्जारज्जूला पाच महिन्यांपूर्वी सी६ पातळीवर, म्हणजे मानेतील सहाव्या खंडाशी, इजा झाली, अहवालात 'ए' श्रेणी, म्हणजे 'संपूर्ण' इजा, असे लिहिले आहे, आणि एक खासगी केंद्र मोठी रक्कम घेऊन मूळपेशींचे इंजेक्शन द्यायला तयार आहे. ते घ्यावे का आणि त्यासाठी तीन महिने थेरपी थांबवावी का, असे तुम्ही विचारले आहे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. अशाच रुग्णांच्या हातांवर अनेक वर्षे काम करत आलो आहे, आणि दोन वैद्यकीय चाचण्यांमध्ये मोजमाप करण्याचे कामही केले आहे; म्हणजे कोणाला खरा उपचार मिळाला हे ज्याला कळू दिले जात नाही आणि तरी ज्याच्याकडून स्नायूंची ताकद तपासून घेतली जाते, तो माणूस मी होतो. तुमच्या भावाला मी पाहिलेले नाही, त्यामुळे निर्णय त्याच्या डॉक्टरांबरोबरच घ्या. माझे मत मात्र स्पष्ट आहे: हे इंजेक्शन घेऊ नये आणि थेरपी एक आठवडाही थांबवू नये. ज्या गोष्टीची मुदत खरोखरच सरत चालली आहे ती वेगळीच आहे; तिच्याकडे पुढे येतो.

आधी 'संपूर्ण' या शब्दाविषयी, कारण तो ऐकून घरच्यांना मज्जारज्जू कापला गेला असे वाटते. ही श्रेणी एमआरआय पाहून ठरत नाही. मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या त्रिक खंडांपर्यंत, म्हणजे गुदद्वाराभोवती, काही संवेदना किंवा स्वेच्छेने आवळण्याची क्षमता उरली आहे का, हे हाताने तपासून ती ठरवली जाते. काहीच आढळले नाही तर 'ए'. प्रत्यक्षात इजेच्या जागी काही तंतू शाबूत असू शकतात. निरोप पोहोचवण्याइतके ते सक्षम नसतात, एवढेच. सुरुवातीला 'ए' असलेल्या रुग्णांपैकी साधारण पाचांतला एक जण पहिल्या वर्षात कोणत्याही विशेष उपचाराविना वरच्या श्रेणीत जातो. हा बदल पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक वेगाने होतो, मग मंदावतो, आणि थोडीथोडी भर वर्ष-दीड वर्षापर्यंत पडत राहते.

या क्षेत्रातील संशोधन इतके अवघड का आहे, याचे मूळ याच आपोआप होणाऱ्या सुधारणेत आहे. इजेनंतर चौथ्या-पाचव्या महिन्यात काहीही टोचले तरी त्यानंतर काही जण सुधारणारच, आणि श्रेय टोचणाऱ्याला मिळणार. जीएम-१ या औषधाचा इतिहास पाहा. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जेमतेम 37 रुग्ण होते आणि निष्कर्ष इतके आशादायक होते की सर्वांचे लक्ष तिकडे वळले. पुढे साडेसातशेहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि 2001 साली तिचे निष्कर्ष आले, तेव्हा औषध मिळालेले आणि न मिळालेले अखेरीस सारख्याच ठिकाणी पोहोचले होते. मी स्वतः मोजमाप करत असताना एका तरुणाच्या मनगटात आलेली ताकद पाहून, याला औषधच मिळत असणार, अशी मनाशी खात्री बाळगली होती. यादी उघडली तेव्हा तो तुलनागटात, म्हणजे औषध न मिळालेल्यांत, निघाला. अनुभवी डोळ्यांचीही अशी फसगत होते, म्हणून त्या केंद्राने दाखवलेल्या चित्रफितींतला रुग्ण हलला का हे विचारण्यापेक्षा, इंजेक्शनाविना तो हलला नसता हे त्यांनी कशावरून ठरवले, असे विचारावे.

मूळपेशींवरील संशोधन खोटे नाही. जपानमधील केओ विद्यापीठात आयपीएस पेशींपासून (साध्या पेशींना पुन्हा मूळपेशींसारखे बनवून मिळवलेल्या पेशी) तयार केलेल्या चेता-पूर्वज पेशी, म्हणजे पुढे चेतापेशी बनू शकणाऱ्या पेशी, चार रुग्णांच्या मज्जारज्जूत सोडण्यात आल्या. पहिले रोपण डिसेंबर 2021 मध्ये झाले. मार्च 2025 मध्ये जाहीर झालेल्या माहितीनुसार वर्षभरात गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत, दोघांत लक्षणीय सुधारणा झाली आणि दोघांत श्रेणी बदलली नाही. बातमीत मात्र हे दबून गेले की रुग्ण चारच होते, तुलनागट नव्हता, आणि रोपण इजेनंतर दोन ते चार आठवड्यांच्या आतच केले गेले. तुमचा भाऊ त्या काळाच्या कितीतरी पुढे आला आहे. उलट बाजूही आहे: 2014 साली वैद्यकीय नियतकालिकात अशा एका रुग्ण तरुणीची नोंद आली जिच्या मज्जारज्जूत नाकातील अस्तराच्या पेशी रोपल्या होत्या आणि आठ वर्षांनी त्या जागी श्लेष्मा तयार करणारी गाठ आढळली. शिवाय एकदा असे इंजेक्शन घेतले की बहुतेक खऱ्या चाचण्यांची दारे बंद होतात, कारण पूर्वी पेशी घेतलेल्यांना त्या सहसा सामावून घेत नाहीत. खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून साधारणपणे मागितलेही जात नाहीत. माझ्या लेखी एवढी एकच खूण पुरेशी आहे.

विद्युत उत्तेजनाची बाजू अधिक भक्कम वाटते. 2018 साली मज्जारज्जूच्या आवरणावर इलेक्ट्रोड बसवून काही रुग्णांनी आधाराने पावले टाकल्याचे अहवाल वेगवेगळ्या संशोधक गटांकडून आले. तुमच्या भावाच्या दृष्टीने मात्र 2024 साली प्रसिद्ध झालेली, मानेच्या त्वचेवरून उत्तेजन देणारी 'अप-लिफ्ट' चाचणी पाहण्याजोगी आहे. तिच्यातील 60 जणांना आधी दोन महिने फक्त पुनर्वसन आणि नंतर दोन महिने पुनर्वसनासोबत उत्तेजन देण्यात आले. 72 टक्के लोकांच्या हाताची ताकद आणि कार्यक्षमता दोन्ही वाढली. वेगळा तुलनागट तिच्यातही नव्हता, आणि ती अपूर्ण इजा असलेल्यांसाठी होती, हे मान्य करायलाच हवे. पण यंत्र चालू असताना रुग्ण हाताचे व्यायाम करत होते, यंत्राखाली निवांत पडून नव्हते. उपचारासाठी थेरपी थांबवा, असा सल्ला देणारा माणूस या सगळ्या संशोधनाच्या नेमका विरुद्ध दिशेने चालला आहे.

(महागड्या यंत्रांच्या मोहाबद्दलही सांगतो: पट्ट्याने शरीराचा भार पेलून ट्रेडमिलवर चालवण्याच्या पद्धतीची जमिनीवरच्या नेहमीच्या चालण्याच्या सरावाशी 146 रुग्णांमध्ये तुलना झाली, आणि 2006 साली आलेल्या निष्कर्षांत दोन्ही गट सारखेच ठरले.)

आता हात. 2004 साली झालेल्या एका सर्वेक्षणात चारही अवयव बाधित असलेल्यांना सर्वांत आधी काय परत हवे असे विचारले, तेव्हा जवळपास निम्म्या लोकांनी चालणे नव्हे, तर हात असे उत्तर दिले. सी६ पातळीवर मनगट वर उचलणारा स्नायू बहुधा काम करतो आणि मनगट वर उचलले की बोटे आपोआप मिटतात. यालाच टेनोडेसिस पकड म्हणतात. चमचा, ब्रश, फोन एवढे तिच्यावर धरता येते. ही पकड बोटांच्या किंचित आखडलेपणावर अवलंबून असते, आणि मायेने मालिश करणारे घरचे लोक मनगट आणि बोटे एकाच वेळी सरळ ताणून तीच सैल करून टाकतात. बोटे उघडायची तर मनगट खाली वाकवलेले असावे. नेमके कसे ते थेरपिस्टकडून हातात हात घेऊन शिका. कुशी बदलणे, ठरलेल्या वेळी कॅथेटर घालून लघवी काढणे, यांबद्दल तुम्हाला सांगितले असेलच. एवढे मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे: अचानक ठणकणारी डोकेदुखी, चेहऱ्यावर लाली आणि घाम दिसला, तर त्याला ताबडतोब उठवून बसवा, कपडे सैल करा, लघवी तुंबली आहे का ते पाहा, रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो, आणि कारण सापडून दूर झाले नाही तर विलंब न करता रुग्णालय गाठा.

मुदतीची गोष्ट ती ही. इजेच्या वरच्या भागातील काम करणारी चेता-शाखा खालच्या निकामी स्नायूच्या चेतेला जोडण्याची शस्त्रक्रिया आज होते. 2019 साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या मालिकेत 16 तरुण रुग्णांवर ती इजेनंतर 18 महिन्यांच्या आत केली होती. दोन वर्षांनी बहुतेकांना कोपर सरळ करणे, वस्तू पकडणे आणि सोडणे जमू लागले, काही जोडण्या फसल्याही. ज्या स्नायूंचा मज्जारज्जूतील स्वतःचा चेतापेशींचा साठाच इजेत नष्ट झाला आहे ते हळूहळू झिजून कायमचे निकामी होतात, म्हणून उशीर परवडत नाही. स्नायुबंध (टेंडन) हलवण्याची जुनी शस्त्रक्रिया नंतरही करता येते. त्यामुळे केंद्राला आगाऊ रक्कम देण्याऐवजी, चतुरांगघाताचे, म्हणजे चारही अवयव बाधित असलेल्यांचे, हात पाहणाऱ्या शल्यचिकित्सकाची वेळ या महिन्यातच घ्या, आणि जाताना इजेची तारीख व स्नायूंच्या मोजमापाचे आतापर्यंतचे सगळे कागद सोबत न्या.