निर्यात अडली तर मशरूम उत्पादकांनी सरकारकडे मागायचं काय?

तुमचे प्रश्न दोन आहेत. परदेशातली बाजारपेठ एकाएकी बिघडली तर सरकार मशरूमवाल्यांना खरंच काही देतं का, की नुसत्या घोषणाच होतात? आणि देणार असेल तर संघटनेने नेमकं काय मागावं?

पहिल्याचं उत्तर: देतं, पण उशिरा. आणि आपण जे मागतो ते सहसा देत नाही, दुसरंच काहीतरी देतं. असं का होतं ते कळलं की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं जातं.

मशरूमची अडचण इतर पिकांहून वेगळी आहे. धान्य गोदामात राहतं, सफरचंद शीतगृहात महिनोन् महिने टिकतं. बटण मशरूमची पिनहेड (टाचणीच्या डोक्याएवढी कोवळी मशरूम) एकदा सुटली की दर चोवीस तासांत आकार जवळजवळ दुप्पट होतो. आज तोडलं नाही तर उद्या टोपी उघडते आणि माल दुय्यम ठरतो. तोडल्यावर थंडीत ठेवलं तरी हातात थोडेच दिवस. त्यात पुढच्या लागवडीच्या खोल्यांचं कंपोस्ट (ज्यावर मशरूम उगवतं ते खत) आधीच सांगून ठेवलेलं असतं. स्पॉन (मशरूमचं बियाणं) घातलेलं कंपोस्ट कारखान्यातून निघालं की ते परत कोण घेणार? म्हणजे बाजार आज बंद झाला तरी पुढचे कित्येक आठवडे माल येतच राहणार, आणि तोडणीची मजुरीही द्यावीच लागणार. म्हणून मदत किती मिळाली याच्याआधी ती कधी मिळाली हे बघायचं.

आयर्लंडचं बघा. तिथलं ८० टक्क्यांहून जास्त मशरूम निर्यात होतं आणि ते जवळजवळ सगळं ब्रिटनला. २३ जून २०१६ ला ब्रेक्झिटचं, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियन सोडण्याबद्दलचं, मतदान झालं आणि पौंड घसरला. मतदानाआधी एका युरोला साधारण ७६-७७ पेन्स पडत होते, ऑक्टोबरपर्यंत भाव ९० पेन्सच्या आसपास गेला. आयर्लंडचं चलन युरो, पण ब्रिटिश सुपरमार्केटशी करार पौंडात आणि दर ठरलेला. ज्या शंभर पौंडांचे आधी १३० युरो हातात पडायचे त्यांचे आता १११ पडू लागले. या धंद्यात नफा मुळात दोन-चार टक्क्यांचा. ना जकात लागली होती, ना सीमा बंद झाली होती, मालही रोज नेहमीसारखा जात होता, तरी काही युनिट्सना टाळं लागलं.

सरकारने ऑक्टोबर २०१६ च्या अर्थसंकल्पात १५ कोटी युरोची स्वस्त कर्ज योजना जाहीर केली. व्याज २.९५ टक्के, दीड लाख युरोपर्यंत विनातारण, मुदत सहा वर्षांपर्यंत. कागदावर उत्तम. पण बँकांनी अर्ज घ्यायला सुरुवात केली ती जानेवारी २०१७ च्या अखेरीस. मतदानापासून सात महिने! तेवढ्यात एका खोलीतून मशरूमची चार-पाच पिकं निघतात. शिवाय ती योजना दूध, पशुपालन, धान्य, भाजीपाला सगळ्यांसाठी होती. मशरूमवाले त्या रांगेतलं एक छोटं गिऱ्हाईक. २०१९ मध्ये गोमांस उत्पादकांसाठी मात्र दहा कोटी युरोंचं स्वतंत्र पॅकेज निघालं. संख्याबळ आणि मतं कुठे आहेत ते यातून दिसतंच.

मग पौंडातला फरक सरकारने सरळ भरून का दिला नाही? सगळ्या संघटना पहिली मागणी हीच करतात आणि ती पहिल्याच बैठकीत बाद होते. युरोपियन युनियनच्या नियमांत छोट्या सरकारी मदतीला परवानगी आहे, तेव्हा ती मर्यादा तीन वर्षांत एका उत्पादकाला १५ हजार युरो होती (नंतर वाढली). पण विकलेल्या मालाच्या किमतीवर किंवा वजनावर बेतलेली मदत त्यात बसत नाही, निर्यातीशी जोडलेली तर नाहीच. त्यावर २०१५ च्या नैरोबी परिषदेत जागतिक व्यापार संघटनेने शेतमालावरचं निर्यात अनुदान बंद करायचं ठरवलं, विकसित देशांसाठी जवळपास लगेच. 'प्रतिकिलो एवढे द्या' असं लिहिलेलं निवेदन मंत्र्याने मनात आणलं तरी मंजूर करता येत नाही.

पोलंडची गोष्ट उलटी, तिथे पैसा झटपट आला. ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने युरोपच्या फळं-भाज्यांवर बंदी घातली. दोन आठवड्यांच्या आत युनियनने १२.५ कोटी युरो जाहीर केले आणि यादीत बटण मशरूम होतं. माल बाजारातून काढून घेतला, फुकट वाटला किंवा तोडलाच नाही तर भरपाई. पण दावे इतके अवाच्या सवा आले, त्यातही पोलंडमधून, की १० सप्टेंबरला योजना थांबवावी लागली. महिनाअखेरीस १६.५ कोटींची दुसरी योजना आली तेव्हा देशवार टनांचा कोटा ठरवून दिला. आणखी एक गोष्ट: माल नष्ट केल्याबद्दल उत्पादक संघाच्या सभासदाला युनियनकडून ठरलेल्या भरपाईचे ७५ टक्के धरले जात, एकट्याला ५०. फुकट वाटपाला मात्र दोघांनाही पूर्ण.

आता तुमचं निवेदन. माझ्या मते पहिली मागणी खेळत्या भांडवलाची हवी: हप्ते पुढे ढकलणं आणि सरकारी हमीवर कर्ज, तेही चार-सहा आठवड्यांच्या आत. दुसरी, न तोडलेल्या किंवा वाटून टाकलेल्या मालाची भरपाई, कारण ती नियमांत बसवता येते. नव्या शेड आणि यंत्रांवरचं अनुदान सगळ्यात शेवटी लिहा. आयर्लंडमध्ये फलोत्पादनाला ४० टक्के भांडवली अनुदान होतं आणि मशरूमवाल्यांनी त्याचा चांगला उपयोग केला, पण ते आधी खर्च करून मग मिळतं. ज्याच्याकडे या महिन्याच्या मजुरीला पैसे नाहीत त्याला ते काय कामाचं? अधिकाऱ्यांना मात्र हीच मदत जाहीर करायला आवडते, उद्घाटनाला काहीतरी उभं दिसतं.

मजूर हाही मुद्दा घाला. २०१८ मध्ये आयर्लंडने फलोत्पादनासाठी परदेशी कामगारांचे ५०० परवाने दिले. त्याचा ब्रेक्झिटच्या मदतीशी थेट संबंध नव्हता, पण तोडणीला माणसं नसतील तर स्वस्त कर्जाने काय होणार?

कागदपत्रं आजपासूनच जमवा. खोलीवार उत्पादन, वजनाच्या पावत्या, कंपोस्टची बिलं, गेल्या दोन-तीन वर्षांच्या निर्यातीची कागदपत्रं. खरेदीदाराने ऑर्डर रद्द केली तर ते लेखी घ्या, फोनवरचं बोलणं कुणी धरत नाही. आणि पाहणी झाल्याशिवाय माल खड्ड्यात घालू नका. युरोपातही आधी कळवून तपासणी झाल्यावरच भरपाई मिळत होती.

पुढचा करार करताना दर कुठल्या चलनात आहे आणि चलन किती टक्के हललं की दर पुन्हा ठरवायचा, हे कलम घालून घ्या. मोठा खरेदीदार कुरकुर करेल. एकट्याने मागितलं तर तो दुसऱ्याकडे जाईल, संघाने मिळून मागितलं तर निदान बोलायला बसेल.