लांडग्याने मेंढ्या मारल्यावर पुणे जिल्ह्यातील धनगर कुटुंबे ते नुकसान कशी सोसतात? सरकार भरपाई देते ना?

भरपाईचा नियम आहे. वन्यप्राण्याने मेंढी मारल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा शासनाने ठरवलेली कमाल रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती मिळते. मात्र त्यासाठी ४८ तासांच्या आत कळवावे लागते, मेलेले जनावर जागचे हलवता येत नाही आणि वनखात्याचा पंचनामा व्हावा लागतो. जुन्नरमध्ये बिबट्याने गोठ्यातली गाय मारली, तर या अटी पाळता येतात. आमच्या वाड्याला, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या मुक्कामाला, त्या पाळता येत नाहीत, कारण आजचा वाडा उद्या त्या जागी नसतो.

मी नोकरीनिमित्त हडपसरला राहतो, पण आईवडील अजून मेंढरांमागे आहेत. दिवाळीनंतर कोकणात उतरायचे आणि पावसाळ्याआधी पुरंदर-बारामतीच्या माळावर परतायचे, हा आमचा क्रम. वाटेत शेतकरी खतासाठी शेतात मेंढरे बसवून घेतात, त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतात, आणि पुढच्या रात्रीचे शेत आधीच बोललेले असते.

अशाच एका परतीच्या मुक्कामात, जेजुरीच्या अलीकडे, रात्री वळवाचा पाऊस आला. ओल्या मातीत वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या, मेखा सैल झाल्या. लांडगे वाऱ्याच्या उलट अंगाने आले असावेत, कारण कुत्री भुंकली तेव्हा मेंढरे आधीच बुजली होती आणि त्यांच्या रेट्याने वाघर आडवी झाली होती. वडील आणि चुलते काठ्या घेऊन ओरडत धावले, पण कोकरे तोवर तोंडात धरून नेलेली होती. एक मेंढी मात्र गळा धरलेल्या अवस्थेत सुटली. आईने बॅटरीच्या उजेडात तिची लोकर बोटांनी बाजूला केली, तेव्हा दोन बारीक छिद्रेच दिसली. कातरीने लोकर काढल्यावर खालची कातडी जांभळी पडून सुजलेली आढळली. आईने जखमेत हळद दाबली आणि पहाटेपर्यंत तिचे डोके मांडीवर धरून बसली. ती मेंढी दुसऱ्या दिवशी वाटेत मेली. कोकरांचे मढे नव्हते, मेंढीचे होते ते मारलेल्या जागी नव्हते, म्हणून पंचनामा झाला नाही. थांबलो असतो तर पुढच्या शेताचे धान्य गेले असते, आणि ज्या शेतात होतो तिथे चारा उरला नव्हता.

माझ्या कार्यालयात एक सहकारी आहेत, जे सुट्टीच्या दिवशी माळावर लांडग्यांची छायाचित्रे काढतात. धनगर लांडग्याला कळपातला वाटेकरी मानतात, हे किती उदात्त सहजीवन आहे, असे ते नेहमी सांगतात. माझे आजोबाही वाटेकरी हा शब्द वापरत, ते मी नाकारत नाही. परंतु आजोबांच्या काळी माळ मोकळा होता, त्यावर चिंकारा आणि ससे होते. आज त्याच गवताळ माळाला पडीक जमीन ठरवून कुठे झाडे लावली आहेत, कुठे प्लॉट पाडले आहेत, कुठे कारखाने उभे आहेत. उरलेल्या पट्ट्यात लांडग्यालाही आमची मेंढरे सोडून फारसे काही मिळत नाही. त्याच्या जेवणाचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायला हवा. तो एकटा धनगर उचलतो आणि शहर त्याच्या सहनशीलतेचे कौतुक करते, हे मला मुळीच मान्य नाही.

लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहे आणि तो तिथेच राहावा असे मला वाटते. आमच्या घरात कोणी त्याला विष घातलेले नाही, सगळीकडे तसेच असेल असा दावा मी करणार नाही. सोसण्याचे उपाय म्हणाल, तर खिळ्यांचे पट्टे बांधलेली कुत्री, घट्ट वाघर, कोकरांसाठी वेगळे झाकलेले डालगे आणि रात्रीचे जागरण, जे बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येते. शेळ्या-मेंढ्या एकाच ठिकाणी बांधून पाळणाऱ्यांना यातले बरेच लागू होणार नाही. त्यांनी पक्की भिंत आणि दार करावे.

तुम्हाला यात खरोखर काही करायचे असेल, तर फिरत्या वाड्यांसाठी मोबाइलवर काढलेले छायाचित्र आणि शेतमालकाचा जबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरावा, अशी मागणी आमदारांकडे लेखी करा. छायाचित्रे काढणाऱ्या त्या सहकाऱ्यांना मी अशा पत्रावर सही करायला सांगितले होते. ती त्यांनी अजून केलेली नाही.