०.४५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती? मुलगी म्हणते ०.४५, कारण ५ पेक्षा ४५ मोठे. तिला कसं समजावू?

०.५ मोठी. दशांश चिन्हानंतरचं पहिलं घर दशांशाचं, दुसरं शतांशाचं, तिसरं सहस्रांशाचं. उजवीकडे सरकताना प्रत्येक घराची किंमत आधीच्या घराच्या एक दशांश होते. ०.५ मध्ये ५ दशांश आहेत, म्हणजे ५० शतांश. ०.४५ मध्ये ४ दशांश आणि ५ शतांश, मिळून ४५ शतांश. रुपयात बोला, लगेच पटेल: ५० पैसे आणि ४५ पैसे.

मी पाचवी-सहावीला गणित शिकवते. ही चूक वर्गात कायम दिसते आणि तिचं मूळ बहुतेक वेळा वाचण्यात असतं. ‘शून्य पूर्णांक पंचेचाळीस’ असं म्हटलं की कानावर पंचेचाळीसच पडतात. ‘शून्य पूर्णांक चार पाच’ असं एकेक अंक सुटा वाचायला लावा. मग दोन्ही संख्या एकाखाली एक, दशांश चिन्ह बरोबर चिन्हाखाली येईल अशा लिहा, ०.५ पुढे शून्य देऊन ०.५० करा (किंमत बदलत नाही) आणि डावीकडून एकेक घर ताडून पाहायला सांगा. पहिल्याच घरात ५ विरुद्ध ४ दिसतं, पुढे बघायची गरजच उरत नाही.

मात्र टिंब दिसलं की दशांश अपूर्णांकच असतो असं नाही. क्रिकेटमध्ये ४.५ षटकं म्हणजे ४ षटकं आणि ५ चेंडू, साडेचार षटकं नव्हेत. तिथे हा नियम लावू नका.