मुलीचं काम मशीन परत पाठवतंय, इंटर्नशिप सोडावी का?

प्रश्न: मी सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार आहे. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्याच्या एका कंपनीत तिला सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. दोन महिने झाले, तिला फक्त 'युनिट टेस्ट' लिहायला लावतात. त्याही एक सॉफ्टवेअर तपासतं आणि लाल खूण करून परत पाठवतं. एका दिवसात नऊ वेळा काम परत आलं म्हणून रात्री फोनवर रडली. पुतण्या म्हणतो, टेस्टिंग हे दुय्यम काम. आता तीच विचारते, सोडून एमपीएससीचा अभ्यास करू का? आम्हाला यातलं काही कळत नाही. तिला काय सांगू?

उत्तर: नमस्कार. कळत नाही म्हणू नका. तुमचा जन्म काट्यापाशी गेलाय, त्यामुळे तुमच्या लेकीचं काम तुम्हाला चटकन समजेल.

हळदीचं पोतं काट्यावर चढलं की एकूण वजनातून तुम्ही बारदान वजा करता. समजा एकूण ५१ किलो, बारदान १ किलो, निव्वळ माल ५० किलो. हे गणित कॉम्प्युटरला शिकवलं की झाला कोडचा एक तुकडा. तो बरोबर चालतो का हे पाहायला लिहिलेला दुसरा तुकडा म्हणजे युनिट टेस्ट. पुढे कुणी कोडला हात लावला की टेस्ट पुन्हा चालवायची. उत्तर बरोबर तर हिरवी खूण, चुकलं तर लाल.

घोळ होतो तो इथे. नवी मुलं टेस्टमधून गणित करून घेतात, पण उत्तर ५० आलं का, हे विचारायचंच राहून जातं. टेस्ट हिरवी. कोडच्या किती ओळी टेस्टमधून चालल्या ते दाखवणारं 'कव्हरेज' १०० टक्के. सगळं छान दिसतं आणि तपासलं काहीच जात नाही. काहीही ठेवलं तरी ५० च दाखवणारा काटा तुम्ही यार्डात ठेवून घ्याल का? तुमच्या काट्याची वैधमापनवाले पडताळणी करतात, तशी टेस्टची पडताळणी सोनारक्यूब, पीएमडी यांसारखी सॉफ्टवेअर करतात. टेस्टमध्ये 'असर्ट', म्हणजे उत्तर ताडून पाहणारी ओळ, नसेल तर ती ओरडतात. टेस्ट कारण न देता बंद करून ठेवली असेल, किंवा नुसती काही सेकंद थांबवून ठेवली असेल, तरीही सोनारक्यूब ओरडतं. लाल खूण त्या टेस्टला मिळते, तुमच्या मुलीला नाही. हे तिला पहिल्यांदा सांगा.

काही मुलं मशीन गप्प व्हावं म्हणून 'खरं ते खरं आहे का' अशी असर्ट टाकून मोकळी होतात. ती कधीच खोटी ठरत नाही, त्यामुळे टेस्ट कायम हिरवी. नऊ वेळा काम परत आलं तरी तुमच्या मुलीने ही पळवाट धरली नसेल, तर मला तिचं कौतुक वाटतं.

याच्या पुढची पायरी तिने आवर्जून शिकावी. तिला 'म्यूटेशन टेस्टिंग' म्हणतात. यात सॉफ्टवेअर मुद्दाम कोड बिघडवतं, वजाबाकीच्या जागी बेरीज करतं, आणि टेस्ट लाल होते का ते पाहतं. हिरवीच राहिली तर टेस्ट कुचकामी. ही कल्पना १९७१ मध्ये रिचर्ड लिप्टन यांनी मांडली, तेव्हा ते स्वतः विद्यार्थी होते. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी यातलं 'पिट' हे साधन फुकट मिळतं.

पुतण्याचं म्हणणं मला पटत नाही. तयार सॉफ्टवेअर हाताने वापरून बघणं ही वेगळी नोकरी आहे, आणि तीही हलकी नाही. युनिट टेस्ट मात्र सहसा कोड लिहिणाराच लिहितो. जावातलं त्यासाठीचं प्रसिद्ध साधन 'जेयुनिट' १९९७ मध्ये केंट बेक आणि एरिक गामा या दोन नावाजलेल्या प्रोग्रॅमरनी विमानप्रवासात लिहायला घेतलं. आणि आता एआय भराभर कोड लिहून देत असताना तो बरोबर आहे का, हे ओळखणाऱ्या माणसाची गरज मला तरी वाढतानाच दिसते.

मशीनचं प्रत्येक म्हणणं मात्र खरं मानू नये. तोच मजकूर पुन्हा पुन्हा आला की ते कधीकधी तक्रार करतं. पण टेस्ट वाचताक्षणी समजावी म्हणून थोडी पुनरुक्ती चालते. अशा वेळी तक्रार गुपचूप बंद न करता कारण लिहावं आणि सीनियरला विचारावं. एक वही करायला सांगा: तक्रार काय होती, मी काय बदललं, का बदललं. मुलाखतीत ही वही तिला फार उपयोगी पडेल. तपासणीचं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, ती कोड लिहिते त्या एडिटरमध्येच बसवलं की लिहितानाच चूक दिसते, नऊ फेऱ्या होत नाहीत. आणि चौथ्या महिन्यापर्यंत तिने स्वतःहून एक छोटं काम मागावं, ज्यात कोडही तिचा आणि टेस्टही तिची. मागितल्याशिवाय असं काम सहसा मिळत नाही. दोनदा मागूनही नाही मिळालं, तर मला पुन्हा लिहा.

एमपीएससीची ओढ मनापासून असेल तर ती परीक्षा जरूर द्यावी. पण तो निर्णय रडलेल्या रात्री घेऊ नका. उरलेले चार महिने पूर्ण होऊ द्या.

आता ती घरी येईल तेव्हा तिला एक कोडं घाला. एकूण वजन ५१, बारदान शून्य, निव्वळ ५१ आलं का, असं विचारणारी टेस्ट आहे. असर्ट आहे, कव्हरेज १०० टक्के आहे, कसलीही तक्रार नाही. मग कुणी वजाबाकीच्या जागी बेरीज केली तरी ही टेस्ट हिरवीच का राहते? ते तिच्याकडून समजून घ्या, आणि बारदान किती धरायला हवं होतं ते तुम्ही तिला सांगा.