आजोबांच्या जुन्या रेकॉर्ड कोल्हापूरच्या पावसात कशा जपाव्यात?

तुम्ही लिहिलंय की शुक्रवार पेठेतल्या जुन्या घराच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांच्या दीडेकशे रेकॉर्ड सापडल्या. काहींवर पांढरट बुरा आलाय, कव्हरं मऊ पडलीत. त्या पुसायच्या कशा आणि ठेवायच्या कुठे? मी राजारामपुरीत राहतो. पंधरा-सोळा वर्षं रेकॉर्ड जमवतोय, सहाशेच्या आसपास आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच अशाच कुणाच्या तरी माळ्यावरून आलेल्या आहेत.

सगळ्यात आधी सांगतो, कारण पहिला मोह याचाच होतो: स्पिरिट लावू नका. निदान कुठली रेकॉर्ड कशाची आहे हे कळेपर्यंत तरी नाहीच.

तुमच्या ट्रंकेत दोन जातीच्या रेकॉर्ड असणार. जाड, जड, हातात घेतल्यावर काचेसारख्या ताठ लागणाऱ्या आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजणाऱ्या त्या 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या. त्या लाखेच्या. त्यात खनिजाची पूड घातलेली असते, पण सगळं धरून ठेवते ती लाखच. सुतार पॉलिशला चपडा वापरतात ना, तीच ही लाख, आणि चपडा विरघळवायला तो काय घेतो? स्पिरिट! मामांनी दिलेली नाट्यपदांची एक 78 मी सुरुवातीच्या काळात स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. बोळा काळा झाला तेव्हा मला वाटलं, किती धूळ निघतेय. दुसरा बोळाही तसाच काळा झाला. मग उजेडात तिरपी धरून पाहिली तर मधल्या पट्ट्यातली चकाकी गेलेली, रेघा पुसट झालेल्या. तिथं आता फक्त खरखर ऐकू येते. ती रेकॉर्ड मला पुन्हा मिळालेली नाही.

दुसरी जात व्हिनाइल या प्लास्टिकची: मोठ्या, जास्त वेळ वाजणाऱ्या एलपी आणि लहान ईपी. या पातळ असतात, किंचित वाकतात, पडल्या तरी सहसा फुटत नाहीत. मात्र उष्णता त्यांना सोसत नाही. साठ अंशांच्या आसपास हे प्लास्टिक मऊ पडायला लागतं, आणि आडवी थप्पी असेल तर त्याच्या कितीतरी आधी हळूहळू वाकतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचा माळा किती तापतो हे तुम्हाला सांगायला नको. त्यात आणखी पत्र्याची ट्रंक. म्हणून रेकॉर्ड पावसाची वाट न पाहता आधी खाली आणा.

बुरा काढायचं काम घरात करू नका. गॅलरीत बसा, तोंडाला मास्क बांधा, आणि कोरड्या मऊ ब्रशने आधी सुटा बुरा झटका. नंतर डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातला क्षार रेघांमध्ये बसतो आणि पुढे तोच तडतडतो. व्हिनाइलसाठी लिटरभर पाण्यात साध्या लिक्विड सोपचे दोन-तीन थेंब पुरतात. मऊ मायक्रोफायबरचं फडकं रेघांच्या दिशेने गोल फिरवायचं, आडवं कधीच नाही, आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने साबण काढायचा. लेबलवर पाणी जाऊ देऊ नका. लाखेची रेकॉर्ड पाण्यात बुडवायची नाही, ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडी करायची. वाळवायला ताटाळं उत्तम: एकेका खाचेत एकेक उभी, पंख्याखाली, सावलीत. उन्हात नको.

आता जागा. कोल्हापुरात रेकॉर्डचा खरा वैरी ओल. ध्वनिमुद्रणांच्या संग्रहात साधारण 18 ते 21 अंश तापमान आणि 40 ते 50 टक्के आर्द्रता धरतात. आपल्याकडे जुलैत ते जमत नाही. माझ्या खोलीतलं छोटं आर्द्रता मोजणारं यंत्र पावसाळ्यात 80च्या पुढे गेलेलं मी पाहिलंय, आणि 65-70च्या वर बुरा धरायला सुरुवात होते. म्हणून मी उद्यमनगरातून अँगलची मांडणी करून घेतली. ती भिंतीपासून चार बोटं लांब आहे, खालचा कप्पा जमिनीपासून फूटभर वर. भिंतीला, त्यातही पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेलं कपाट म्हणजे मागच्या रांगेतल्या कव्हरांना ओल लागणार हे ठरलेलंच. बंद कपाट असेल तर आत सिलिका जेलच्या पुरचुंड्या ठेवा. नारिंगी दाण्यांचे घ्या, ओल पिऊन ते हिरवे पडतात, मग वेगळ्या जुन्या कढईत मंद आचेवर तापवले की पुन्हा नारिंगी होतात. डांबराच्या गोळ्या मात्र रेकॉर्डशेजारी नकोत, ती वाफ प्लास्टिकला बरी नाही. कसर लागली असेल तर कपाट रिकामं करून झाडून, पुसून, कोरडं करणं हाच उपाय.

रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या, दोन्ही जातीच्या. तिरप्या कलल्या तर वाकतात, फार ठासल्या तर काढताना कव्हरं फाटतात. दर वीस-पंचवीस रेकॉर्डनंतर एक उभी फळी हवी. वजनाचा अंदाज आधी घ्या: कव्हरसकट एलपी पाव किलोच्या आसपास भरते, म्हणजे दीडशेचे पस्तीस-चाळीस किलो होतात, आणि 78 त्याहून जड. साधी प्लायची फळी मध्ये झोल खाते.

आतली कागदी पाकिटं बुरसली असतील तर बदला, पण छापील पाकीट असेल तर झटकून, वाळवून वेगळं ठेवा, त्यावर कधी कधी रेकॉर्डइतकीच माहिती असते. नवीन पाकिटं पॉलिथिनचं अस्तर असलेली घ्या. वासाचं, चिकटणारं जाड पीव्हीसीचं कव्हर नको. वर्षानुवर्षं टेकून राहिलं तर ते रेकॉर्डवर धुरकट डाग सोडतं, आणि तो डाग पुसून जात नाही.

वाजवून पाहायची घाई होईल, मलाही होते. पण एलपीच्या पिनेवर 78 लावू नका, तिच्या रेघा रुंद असतात, तिला वेगळी जाड पिन लागते. आणि चावीच्या ग्रामोफोनवर एलपी तर कधीच नाही. ती लोखंडी सुई एकाच फेऱ्यात एलपीच्या रेघा खरवडून टाकते.

त्या 78मध्ये काय आहे ते नीट वाचून वहीत उतरवा: लेबलवरचं नाव, राग, नंबर. थोर गवई अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यांची गायकी आपल्या कानापर्यंत आली ती त्यांच्या शिष्यांच्या अशाच तबकड्यांमधून. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी 1977 मध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. मूळ रेकॉर्ड साडेतीन मिनिटांचीच. तुमच्या ट्रंकेत केसरबाई किंवा खाँसाहेबांच्या दुसऱ्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर यांच्या रेकॉर्ड निघाल्या तर मला जरूर कळवा.

तुम्ही शुक्रवार पेठेत, म्हणजे नदी जवळ. 2019 आणि 2021 चा पूर तुम्ही पाहिलाच असेल. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. बातम्यांत 39 ऐकलं की रेकॉर्ड वरच्या मजल्यावर हलवा. तरीही भिजल्याच तर रेकॉर्ड आणि कव्हर ताबडतोब वेगळं करा. व्हिनाइल धुऊन वाचते, कव्हर मात्र चोवीस तासांत बुरसायला लागतं. वाळवायला जागा नसेल तर कव्हरं पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, सवडीने एकेक बाहेर काढा.

आणि ट्रंक उतरवताना कड्या धरून तशीच्या तशी खाली आणू नका. तिरकी झाली की आतल्या 78 एकमेकींवर सरकतात आणि कडा उडतात. माळ्यावरच उघडा, दहा-दहा रेकॉर्ड पुठ्ठ्यांमध्ये धरून खाली द्या, खाली झेलायला एक माणूस असू द्या. तडा गेलेली निघाली तर टाकू नका, दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून आडवी, एकटी ठेवा. केसासारखा तडा असेल तर अजूनही एकदा तरी वाजवून तिचा आवाज मुद्रित करून घेता येतो.